बचावपटूचं बिऱ्हाड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



२१ जून २००२. शुक्रवार होता. त्या दिवशी दुपारी विश्वचषकात ब्राझीलनं इंग्लंडला २-१ असं हरवलं होतं आणि आमच्या कोल्हापुरात पिवळे झेंडे घेऊन पोरं पेठापेठांतून मोटारसायकली पळवत होती. संध्याकाळी पाचला दुसरा सामना होता, जर्मनी विरुद्ध अमेरिका. त्याची फिकीर कुणालाच नव्हती. जर्मनी जिंकणार हे धरूनच चाललेलं, आणि अमेरिकेला फुटबॉल येतो हेच मुळात कुणाला मान्य नव्हतं. मी मात्र बँकेतून साडेचारलाच निघालो. साहेबांना काय कारण सांगितलं, ते निवृत्तीनंतरही सांगणार नाही.

उत्तरार्ध सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली होती. बालाकनं ३९ व्या मिनिटाला हेडर मारून जर्मनीला १-० असं पुढं नेलं होतं. अमेरिकेला कॉर्नर मिळाला. गोलसमोरच्या गर्दीत चेंडू आला आणि त्यांच्या एका उंच बचावपटूनं अगदी जवळून पाय लावला. गोलरक्षक ऑलिव्हर कानला चाटून चेंडू गोलरेषेकडं गेला. रेषेवर टॉर्स्टन फ्रिंग्ज उभा होता. चेंडू त्याच्या हाताला लागला, तिथंच थबकला आणि कानच्या ताब्यात गेला. मी खुर्चीतून उठून ‘हँड!’ म्हणून असा ओरडलो, की काय सांडलं म्हणून आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली. स्कॉटलंडचे पंच ह्यू डॅलस यांनी खेळ चालू ठेवला. ना गोल, ना पेनल्टी. जर्मनी त्या एका गोलवर उपांत्य फेरीत गेली आणि पुढं अंतिम सामन्यापर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत कान होता, बालाक होता. फ्रिंग्जच्या हाताबद्दलही चार ओळी होत्या. ज्यानं चेंडू मारला त्याचं नाव मला शोधावं लागलं. ग्रेग बरहॉल्टर. वय २८. राष्ट्रीय संघाकडून १९९४ ते २००६ या काळात तो ४४ सामने खेळला. त्या ४४ सामन्यांत त्याच्या नावावर गोल किती? शून्य. त्या संध्याकाळी झाला असता, तर तेवढा एकच.

हा खेळाडू काही पेले नव्हे, मॅराडोना नव्हे. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलं नसेल. तरीही मी वीस-बावीस वर्षं त्याच्या कारकिर्दीचा माग ठेवला आहे. आधी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, मग भाच्याच्या संगणकावर. का ठेवला, ते सांगण्यासाठी आधी थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल.

मी स्टॉपर होतो. आमच्या पेठेच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर अकरा हंगाम खेळलो. स्टॉपर म्हणजे गोलीच्या पुढं उभा राहणारा शेवटचा माणूस. फॉरवर्डनं दहा संधी घालवल्या आणि अकरावी साधली, तर त्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरनं दहा हल्ले मोडले आणि अकरावा सुटला, तर पानपट्टीवर आठवडाभर त्या अकराव्याचीच चर्चा. मी पुढं तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढली, आणि तिथंही हाच हिशेब पाहिला. बुडालेल्या कर्जाची फाइल साहेबापुढं जाते. ज्या कर्जाला तुम्ही वेळीच नकार दिला आणि जे म्हणून बुडालं नाही, त्याची फाइल कुठंच नसते.

१९७६ साली गोव्यातल्या एका क्लबाचा मला निरोप आला होता. एक हंगाम खेळायला या, राहण्या-जेवण्याची सोय करतो. त्याच महिन्यात बँकेचं पत्रही आलं. आमचे अण्णा म्हणाले, “गुडघा गेला तर तो क्लब तुला पेन्शन देणार आहे का?” त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बँकेत गेलो. अण्णांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण ज्यांनी पिशवी उचलली आणि जे गेले, त्यांचं पुढं काय झालं याची उत्सुकता तेव्हापासून मनातून गेली नाही. तेही पुढं गोल करून नाव कमावणारे नव्हेत, तर माझ्यासारखे, मागं उभे राहणारे. त्या संध्याकाळी मला असा एक माणूस सापडला.

बरहॉल्टरचा जन्म १९७३ चा, न्यू जर्सीतल्या एंगलवूडचा. नेवार्क शहरात बेनेडिक्टाइन साधूंची एक शाळा आहे, सेंट बेनेडिक्ट्स प्रेप. तिथं तो शिकला. त्याच शाळेच्या संघात क्लॉडिओ रेना होता, जो पुढं अमेरिकेचा कर्णधार झाला. एकाच शाळेच्या मैदानावरून निघालेली दोन पोरं. एक मधल्या फळीत खेळणारा, देखण्या खेळाचा. दुसरा मागं उभा राहून वाट अडवणारा. जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्यात दोघं एकत्र होते.

बरहॉल्टर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होता. १९९४ साली तो युरोपात निघून गेला. ते वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी विश्वचषक अमेरिकेत झाला, पण तेव्हा अमेरिकेत पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. मेजर लीग सॉकर सुरू झाली १९९६ मध्ये. म्हणजे या खेळावर पोट भरायचं, तर देश सोडण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याकडचा माणूस दुबईला जातो, तसाच हा विशीतला मुलगा हॉलंडला गेला.

गेला तोही आयॅक्सकडं किंवा आइंडहोवनकडं नव्हे. गेला झ्वोले नावाच्या गावातल्या क्लबाकडं. हा क्लब तेव्हा हॉलंडच्या दुसऱ्या श्रेणीत होता. दोन वर्षं तिथं काढून १९९६ मध्ये तो स्पार्टा रॉटरडॅमकडं गेला. १८८८ साली स्थापन झालेला हा हॉलंडमधला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. पुन्हा दोन वर्षं, आणि १९९८ मध्ये कॅम्बूर. हा क्लब लेवार्डन शहरातला, हॉलंडच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला. तिथं डच तर बोलतातच, शिवाय लोकांची स्वतःची फ्रिजियन भाषा वेगळी. मोठ्या मुश्किलीनं एक भाषा कानात बसावी आणि पुढच्या गावात दुसरीच कानावर पडावी, असा प्रकार. कॅम्बूर त्या वर्षी पहिल्या श्रेणीत चढला आणि २००० साली परत खाली घसरला.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच. बदलीच्या नोकरीत निदान सरकार तरी एकच असतं. इथं दर दोन वर्षांनी मालक नवा, प्रशिक्षक नवा, शेजारी उभा राहणारा जोडीदार नवा. बचावपटूच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. फॉरवर्ड एकट्याच्या हुशारीवर गोल करू शकतो. बचाव मात्र चार जणांचा मिळून असतो. चौघांनी एका रेषेत पुढं सरकायचं, एका रेषेत मागं यायचं. त्यातला एक अर्धा सेकंद उशिरा हलला, की समोरचा ऑफसाइडमधून सुटून थेट गोलीपुढं उभा. त्यामुळं सेंटर बॅकला सारखं बोलत राहावं लागतं. ‘सोड’, ‘पुढं हो’, ‘डावीकडं माणूस आहे’, हे त्याचं अर्धं काम. आता हेच परक्या भाषेत, तीस हजारांच्या गोंगाटात, काल भेटलेल्या माणसाला सांगायचं आहे, अशी कल्पना करा. आमच्या पेठेच्या संघात मी माझ्या जोडीदाराला नुसती शीळ घालायचो. ते जमायला आम्हाला लहानपणापासूनची ओळख लागली होती.

हॉलंडमध्ये बचावपटू आणखी एक गोष्ट शिकतो. तिथं मागचा माणूस फक्त अडवणारा नसतो. हल्ल्याची सुरुवात त्याच्यापासून होते. चेंडू मिळाला की डोळे मिटून लांब भिरकावायचा नाही. मान वर करायची, मोकळा माणूस हेरायचा आणि त्याच्या पायात चेंडू द्यायचा. आमच्या काळी स्टॉपरनं असला शहाणपणा केला असता, तर बाहेरून चपला आल्या असत्या. हे शिक्षण बरहॉल्टरला जन्मभर पुरलं, आणि पुढं एकदा अंगाशीही आलं. ते ओघात सांगेन.

तो हॉलंडमध्ये असतानाच, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपच्या न्यायालयानं एक निकाल दिला. जाँ-मार्क बॉसमन हा बेल्जियमचा एक साधा खेळाडू. करार संपला तरी क्लब त्याला सोडेना. फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबाला तो हवा होता, पण पैशावरून अडलं. बॉसमन कोर्टात गेला आणि जिंकला. करार संपल्यावर युरोपीय संघातला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी नव्या क्लबानं जुन्या क्लबाला पैसे मोजायचे नाहीत, आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंना परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालायची नाही, असा तो निकाल. फुटबॉलच्या बाजारातलं कुलूपच त्यानं तोडलं. बड्या खेळाडूंचे पगार कुठल्या कुठं गेले. बॉसमनच्या स्वतःच्या वाट्याला मात्र त्यातलं फारसं काही आलं नाही. त्याची उमेदीची वर्षं खटल्यात गेली.

साध्या खेळाडूला याचा अर्थ काय? तो जायला मोकळा झाला, तसा क्लबही त्याला सोडायला मोकळा झाला. दोन वर्षांचा करार संपत आला की कुणी विचारेल का, ही धाकधूक. दुखापतीच्या वर्षात करार संपला, तर बघायलाच नको. ज्याच्याकडं युरोपीय पासपोर्ट नाही, त्याला शिवाय परवान्याचा घोर. इंग्लंडमध्ये तर त्या काळी असा दंडक होता, की मागच्या दोन वर्षांत आपल्या देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी निदान ७५ टक्के खेळलेला असाल, तर सहज परवाना. नाहीतर अपील करा आणि वाट पाहा.

इंग्लंडचा अनुभव बरहॉल्टरनं घेतला तो २००१ च्या सुरुवातीला. लंडनमधला क्रिस्टल पॅलेस हा क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता आणि तिथूनही खाली जाण्याच्या बेतात होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तो कसाबसा वाचला. वर्ष-दीड वर्षात तिथले प्रशिक्षकच भराभर बदलले. नवा प्रशिक्षक आला की आपल्या ओळखीची माणसं आणतो. कुणा एकाच्या आवडीनं आलेला खेळाडू दुसऱ्याच्या काळात बाकावर बसतो. पॅलेसमध्ये बरहॉल्टरचं बस्तान काही बसलं नाही.

तर असा हा माणूस, २००२ च्या विश्वचषकाला संघाबरोबर कोरियात गेला, तोही राखीव म्हणून. अमेरिकेनं पहिल्याच सामन्यात पोर्तुगालला ३-२ असं हरवून खळबळ उडवली. कोरियाशी १-१ बरोबरी केली आणि मग पोलंडकडून १-३ अशी हार खाल्ली. या तिन्ही सामन्यांत तो बाकावर होता. पोलंडविरुद्ध जेफ अगूस या अनुभवी बचावपटूला दुखापत झाली आणि प्रशिक्षक ब्रूस अरीना यांनी मेक्सिकोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात बरहॉल्टरला उतरवलं.

मेक्सिको म्हणजे अमेरिकेचा शेजारचा जानी दुश्मन. आपण आणि पाकिस्तान क्रिकेटमध्ये, तसं समजा. अमेरिका २-० अशी जिंकली. मॅकब्राइड आणि डोनोव्हनचे गोल सगळ्यांना आठवतात. मेक्सिकोकडं चेंडू जास्त वेळ होता आणि तरीही त्यांना एकही गोल करता आला नाही, हे कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मागं एडी पोप आणि टोनी सॅनेहच्या जोडीला बरहॉल्टर उभा होता. चार दिवसांनी जर्मनी, आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच.

आज तो प्रसंग घडला असता, तर? २०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओ पंच आहेत. डॅलस यांच्या कानात कुणीतरी ‘एकदा पडद्यावर बघा’ म्हणालं असतं. मग त्यांनी काय ठरवलं असतं, ते ठामपणे मी सांगू शकत नाही. स्टॉपर म्हणून माझं मत काय आहे, ते शेजाऱ्यांनी त्या संध्याकाळी ऐकलेलंच आहे.

आणि आता गंमत पाहा. ज्या जर्मनीच्या हातानं त्याचा गोल अडवला, त्याच जर्मनीत हा माणूस दोन महिन्यांत बिऱ्हाड घेऊन गेला. कॉटबुस नावाच्या शहरात.

कॉटबुस पूर्व जर्मनीत, पोलंडच्या सरहद्दीजवळ. आसपास लिग्नाइट कोळशाच्या खाणी. क्लबाचं नावच एनर्जी कॉटबुस. मैदानाचं नाव तेव्हा ‘मैत्रीचं स्टेडियम’, पूर्वीच्या साम्यवादी राजवटीची आठवण. या भागात सोर्ब नावाचे स्लाव्ह वंशाचे लोक राहतात, म्हणून रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत असतात. जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेकडं पैसा आणि पूर्वेकडून तिकडं जाणारी तरुण पोरं, असा प्रकार. अशा गावातल्या क्लबाला बडे जर्मन खेळाडू कुठून परवडणार? त्यांनी बाहेरून माणसं आणली. ६ एप्रिल २००१ रोजी वोल्फ्सबुर्गविरुद्ध कॉटबुसनं अकराच्या अकरा परदेशी खेळाडू उतरवले. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे बुंडेसलिगात, असं प्रथमच घडलं. टीका बरीच झाली. पण मला त्या अकरा जणांचं चित्र डोळ्यांपुढं येतं. कुणाचं गाव कुठं, कुणाचं कुठं. सगळे कोळशाच्या गावात येऊन एका जर्सीत उभे. आमच्या बँकेच्या वसाहतीत असंच असायचं.

बरहॉल्टर तिथं पोचला त्याच हंगामात, २००३ मध्ये, क्लब शेवटच्या क्रमांकावर राहून दुसऱ्या श्रेणीत गेला. असा क्लब खाली गेला की बरेच खेळाडू काढता पाय घेतात. हा राहिला. पुढची तीन वर्षं मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत महत्त्वाची वाटतात, कारण तिथं बचावपटूचा न दिसणारा हिशेब एकदा कागदावर उतरला.

२००३-०४ च्या हंगामात वरच्या तीन संघांना बढती होती. तिसऱ्या क्रमांकावरच्या माइन्झचे ५४ गुण. कॉटबुसचेही ५४. गोलफरकात कॉटबुस मागं पडला, चौथा आला, आणि बढती हुकली. पुढच्या हंगामात उलटंच. तळाच्या चार संघांना आणखी खाली जायचं होतं. आइनट्राख्ट ट्रिअरचे ३९ गुण, कॉटबुसचेही ३९. या वेळी गोलफरक कॉटबुसच्या बाजूनं पडला. ट्रिअर खाली गेला, कॉटबुस वाचला.

गोलफरक म्हणजे काय, श्रोतेहो? केलेल्या गोलमधून खाल्लेले गोल वजा. एरवी सामना ०-२ ऐवजी ०-१ असा हरला, तर कुणी तुमची पाठ थोपटत नाही. हार ती हारच. पण नोव्हेंबरच्या थंडीत, हरलेल्याच सामन्यात, ८५ व्या मिनिटाला कुणीतरी घसरत जाऊन रेषेवरून एक चेंडू काढलेला असतो. तो चेंडू मे महिन्यात सगळ्या गावाच्या उपयोगी पडतो. स्टेडियमबाहेर पाव विकणाऱ्याचाही पुढच्या वर्षीचा धंदा त्यावर टिकतो. तो चेंडू नेमका कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. ज्यानं काढला, त्यालाही नाही.

२००५-०६ मध्ये कॉटबुस तिसरा आला आणि पुन्हा बुंडेसलिगात चढला. कर्णधार होता बरहॉल्टर. अमेरिकेतून आलेला, हॉलंडात घडलेला, लंडनमध्ये न रुजलेला माणूस पूर्व जर्मनीतल्या खाणीच्या गावाचा कप्तान.

त्याच उन्हाळ्यात विश्वचषक जर्मनीतच होता. अमेरिकेच्या पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कोरी गिब्ज या बचावपटूचा गुडघा दुखावला, म्हणून याला बोलावणं आलं. पुन्हा दुसऱ्याच्या दुखापतीतून उघडलेलं दार. पण या वेळी तिन्ही सामने तो बाकावरच बसून राहिला. ज्या देशात चार वर्षं घाम गाळला, तिथल्या विश्वचषकात एक मिनिटही मिळालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. २००६ च्या अखेरीस तो म्युनिकच्या १८६० क्लबात गेला. दुसऱ्या श्रेणीतला हा क्लब तेव्हा बायर्नच्या शेजारी त्याच भव्य स्टेडियमवर खेळायचा. श्रीमंत भावकीच्या वाड्यात खोली घेऊन राहावं, तसं. २००९ मध्ये पंधरा वर्षांनी तो मायदेशी परतला, लॉस एंजेलिस गॅलक्सीकडं. तिथं डेव्हिड बेकहॅम होता, लँडन डोनोव्हन होता. त्या वर्षी उपांत्य सामना ह्यूस्टनशी. नव्वद मिनिटांत गोल नाही. मध्ये तर मैदानावरचे दिवेच गेले. जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला गोल झाला, आणि तो बेकहॅमचा नव्हे, डोनोव्हनचाही नव्हे, तर छत्तीस वर्षांच्या बरहॉल्टरचा. ही बातमी वाचली तेव्हा मी एकटाच हसलो. सात वर्षांपूर्वी रेषेवर अडलेला चेंडू अखेर आत गेला, असं वाटलं. अंतिम सामना मात्र गॅलक्सीनं पेनल्टीवर गमावला. विजेतेपद मिळालं २०११ मध्ये, आणि तिथंच त्यानं बूट काढले.

मग प्रशिक्षक. पहिली नोकरी स्टॉकहोमच्या हॅमरबी क्लबात. २०१३ मध्ये तिथून काढलं, कारण काय, तर संघ पुरेसा आक्रमक खेळत नाही! स्टॉपरचा स्वभाव जाता जात नाही. पुढं कोलंबस क्रू, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय संघ. २०२२ च्या विश्वचषकात त्यानं संघाला बाद फेरीत नेलं, आणि समोर आला कोण? हॉलंड. ज्यांच्याकडून मागून चेंडू कसा खेळवायचा हे शिकला, तेच. डचांनी पहिला गोल केला तो लांबलचक पासमालिका रचून. अमेरिका ३-१ अशी हरली, आणि डचांच्या तीन गोलांपैकी दोन केले ते ब्लिंड आणि डम्फ्रीज यांनी. मूळचे दोघंही बचावपटू. गुरूची विद्या गुरूनंच परत घेतली. अंगाशी आलं म्हणालो ते हे.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. त्या विश्वचषकानंतर रेना कुटुंबाकडून एक जुनी हकीकत बाहेर आली. तरुणपणी भांडणात त्यानं आपल्या मैत्रिणीला लाथ मारली होती. तीच पुढं त्याची पत्नी झाली. त्यानं स्वतः निवेदन काढून ते कबूल केलं आणि त्याची लाज वाटते असं म्हटलं. चौकशी झाली, जून २०२३ मध्ये त्याला पुन्हा नेमलं गेलं. २०२४ च्या कोपा अमेरिकात संघ साखळीतच गारद झाला आणि पद गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो फायर क्लबानं त्याला घेतलं. त्या जुन्या कृत्याचं समर्थन मी करणार नाही. नेवार्कच्या शाळेतली दोस्ती अशी चव्हाट्यावर तुटली, याचंही वाईट वाटतं. माणूस मैदानावर रेषा सांभाळतो, म्हणून घरात ती सांभाळतोच असं नाही.

आपल्याकडून बाहेर गेलेले बचावपटू फार थोडे. आपला संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियातल्या शिबेनिकच्या क्लबाकडं गेला, पण दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता त्याला परत यावं लागलं. लोकांनी लगेच ‘फसला’ म्हटलं. मला तसं वाटलं नाही. विशीत जायला हवं, तो अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. पण गेला.

आता मी सकाळी मैदानावर पोरांना शिकवतो. दहांतल्या आठांना फॉरवर्ड व्हायचं असतं. उरलेल्या दोघांना कुणीतरी जबरदस्तीनं मागं उभं केलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाला पुण्याच्या एका संघानं चाचणीला बोलावलं. वडील माझ्याकडं आले. रिक्षा चालवतात. म्हणाले, “काका, गुडघा गेला तर काय?”

शब्दसुद्धा तेच होते हो. १९७६ चे.

मी त्यांना बरहॉल्टरची गोष्ट सांगितली नाही. गुडघ्याची हमी मी देऊ शकत नव्हतो, तेही सांगितलं. बारावी होऊ द्या, परीक्षेचा अर्ज भरून ठेवा, आणि चाचणीला पाठवा, एवढंच म्हणालो. जाण्याच्या आदल्या दिवशी मुलगा पाया पडायला आला. माझ्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं. त्याला म्हटलं, तिथं ओळखीचं कुणी नसेल, तुझी शीळ कुणाला समजायची नाही. पहिल्या दिवशीच शेजारच्याचं नाव विचारून घे, आणि खेळताना मोठ्यानं बोल.